बेरोजगारी किती हे विचारण्याआधी कोणती ते विचारा

प्रति,
सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा आणि महाराष्ट्र विधान परिषद

विषय : बेरोजगारीचे प्रकार वेगवेगळे मोजण्याबाबत आणि प्रत्येकावर वेगळा इलाज करण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

अधिवेशनात बेरोजगारीवर चर्चा झाली की राज्यात बेरोजगार किती, असं विरोधी बाकांवरून विचारलं जातं. उत्तरात एक टक्केवारी येते, ती देशाच्या सरासरीशी ताडून दाखवली जाते, आणि मग किती रोजगार मेळावे झाले, किती तरुणांना प्रशिक्षण दिलं, पोर्टलवर किती नोंदण्या झाल्या याचा तपशील येतो. आकडा खरा की खोटा, जास्त की कमी, यावर दोन्ही बाजू भांडतात. तो आकडा कोणत्या माणसांचा बनला आहे हा प्रश्न मात्र दोन्हीकडून राहून जातो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. अकरावीच्या पुस्तकात बेरोजगारीवर धडा आहे. हंगामी, छुपी, सुशिक्षित, घर्षणजन्य, तांत्रिक, संरचनात्मक, चक्रीय असे प्रकार मुलं त्यात शिकतात, परीक्षेत त्यांतला फरक लिहितात आणि गुण मिळवतात. माझी मागणी अशी, की जो फरक आम्ही सोळा वर्षांच्या मुलांना शिकवतो तो राज्याच्या अर्थसंकल्पात आणि शासन निर्णयांत उतरला पाहिजे. काम नसण्याची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून इलाजही वेगवेगळे हवेत. आज सगळ्या तापांवर एकच गोळी द्यावी तसे मेळावे आणि प्रशिक्षण यांवरच सारा भर आहे, आणि ज्यांना त्या गोळीचा उपयोग नाही अशी माणसं राज्यात सर्वांत जास्त आहेत.

मोजणीपासून सुरुवात करते, कारण चूक तिथूनच सुरू होते. २०१७-१८ पासून देशात नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, होतं. पहिल्या वर्षी देशातला बेरोजगारीचा दर ६.१ टक्के निघाला. २०२२-२३ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षीही तेवढाच राहिला. हा दर नेहमीच्या स्थितीवरून काढतात. त्यात वर्षभरात मिळून ३० दिवस काम केलेला माणूसही दुय्यम स्थितीने कामगार धरला जातो. दुसरी पद्धत आठवड्याच्या स्थितीची. तिच्यात मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलेलं असलं तरी माणूस बेरोजगार राहत नाही. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी व्यक्तीही कामगारांतच येते. तशी ती यावीच, कारण ती खरोखर राबते. पण तिच्या हातात पैसा पडत नाही, हे त्या टक्केवारीतून कळत नाही. २०१७-१८ मध्ये देशात १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के श्रमशक्तीत होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. ही मोठी वाढ आहे आणि तिचा सरकारी भाषणांत उल्लेखही होतो. त्या वाढीत पगाराच्या नोकऱ्या किती आणि घरच्या रानातली बिनपगारी मदत किती, हे विचारल्याशिवाय तिचा आनंद मानता येणार नाही.

हा प्रश्न नवा नाही. प्रा. एम. एल. दांतवाला हे मुंबई विद्यापीठातले कृषिअर्थशास्त्रज्ञ. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने १९७० सालीच सांगितलं होतं, की भारतात काम करणारी माणसं इतक्या तऱ्हांची आहेत, की त्या सगळ्यांची बेरोजगारी एका आकड्यात बसवणं बरोबर नाही. त्यानंतर १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून तीन पद्धतींनी मोजणी सुरू झाली : नेहमीची स्थिती, आठवड्याची स्थिती आणि रोजची स्थिती. रोजच्या स्थितीत एकेका दिवसाचे अर्धे-अर्धे भाग करून काम होतं की नव्हतं ते नोंदत. अर्धपोटी रोजगार पकडण्याची ताकद तिच्यात होती. पीएलएफएसच्या अहवालांत पहिल्या दोन पद्धतींचे दर असतात, तिसरीचा नसतो. २०२५ पासून ही पाहणी दरमहा येऊ लागली, ही चांगली गोष्ट आहे. पण आकडे लवकर मिळून भागणार नाही, ते योग्य माणसाचे हवेत.

माझ्या जिल्ह्यातला माणूस या आकड्यात कसा दिसतो ते सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतली गावं रिकामी होऊ लागतात. माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे आणि थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोबदला टनावर. पट्टा पडतो तेव्हा, म्हणजे मार्च-एप्रिलला, माणसं परत येतात. पाच-सहा महिने पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत राबलेलं हे जोडपं पीएलएफएसच्या नेहमीच्या स्थितीत पूर्ण रोजगारात आहे. उरलेल्या महिन्यांत त्याच्याकडे काय असतं? कोरडवाहू दोन-तीन एकर असली तर पेरणी आणि काढणीचे काही दिवस. बाकीचे दिवस गावात काम नसतं. ही हंगामी बेरोजगारी. पुस्तकात तिला चार ओळी आहेत, इथे तिने अख्खी पिढी घडवली आहे.

या रिकाम्या महिन्यांचा परिणाम तेवढ्यावर थांबत नाही, म्हणून मी त्यांवर जास्त लिहिते आहे. पावसाळ्यात घरात पैसा नसतो. पेरणी असते, आजारपण असतं, मुलीचं लग्न असतं, मुलाची फी असते. तेव्हा मुकादमाकडून, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणाऱ्याकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतली जाते. उचल घेतली की पुढचा हंगाम बांधला गेला. कोणता कारखाना, दिवसाचे किती तास, आजारी पडलं तर काय, यांतलं काहीच ठरवण्याची ताकद त्या जोडप्याकडे उरत नाही. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. सुट्टी घेतली तर खाडा, म्हणजे दंड. पाळीच्या दिवसांतही सुट्टी परवडेना, आणि हा खाडा बायकांच्या शरीरापर्यंत पोचला. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. ही समिती याच विधिमंडळासमोरच्या चर्चेतून आली होती. त्या आकड्याकडे आपण आरोग्याचा विषय म्हणून पाहिलं, आणि ते बरोबरच होतं. पण त्याचं मूळ रोजगारात आहे. जून ते सप्टेंबर हाताला काम असतं तर उचल इतकी मोठी झाली नसती, आणि उचल लहान असती तर खाड्याची भीती बाईला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत घेऊन गेली नसती.

मुलांचंही तसंच. आईबापांबरोबर मुलं गेली की शाळा तुटते. कारखान्यांजवळ साखरशाळा झाल्या, गावात आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं झाली, त्यांचा उपयोगही झाला. पण माझ्या वर्गात अकरावीपर्यंत पोचलेली मुलगी दिवाळीनंतर दिसेनाशी झाली की कारण विचारावं लागत नाही. धाकट्या भावंडाला सांभाळायला ती फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी, गेलेली असते.

या बेरोजगारीवर इलाज काय, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही. तुमच्याच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं बंडिंग, रस्ते, पाझर तलाव, खडी फोडण्याच्या कामांवर गेली. पुढे १९७७ मध्ये तुम्हीच कायदा केलात आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क कायद्यात लिहिणारं हे राज्य. त्यासाठी शहरांतल्या पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला आणि शहरातल्या माणसाने तो खेड्यातल्या माणसासाठी भरला. देशाचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये आला.

एवढा वारसा असताना आज गावात रोहयोची, म्हणजे रोजगार हमी योजनेची, अवस्था अशी का, की फडावरून परतलेला माणूस तिची वाटच पाहत नाही? कारणं गावात सगळ्यांना माहीत आहेत. काम मागितल्याची पोच मिळत नाही. कामाचा आराखडा तालुक्याला मजूर परत येण्याच्या महिन्याप्रमाणे होत नाही, निधी येण्याच्या तारखेप्रमाणे होतो. मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, निघालं तरी मजुरी उशिरा पडते, आणि ज्याच्या घरात आज पीठ नाही त्याला दोन महिन्यांनी खात्यात येणाऱ्या पैशापेक्षा मुकादमाची आजची उचल जवळची वाटते. मुकादम रोख देतो आणि दारात येऊन देतो. सरकारला त्याच्याशी स्पर्धा करायची आहे, हे धरून रोहयोचं वेळापत्रक आखावं लागेल. ऊसतोड तालुक्यांसाठी एप्रिल ते सप्टेंबर कामांचा शेल्फ, म्हणजे तयार कामांची यादी, हंगाम संपण्याआधी मंजूर असला पाहिजे, पावसाळ्यातही चालतील अशी वृक्षलागवडीची, फळबागांची, रोपवाटिकांची कामं त्यात असली पाहिजेत, आणि आठवड्याच्या आठवड्याला मजुरी मिळाली पाहिजे. केंद्राच्या पैशाची वाट पाहावी लागत असेल तर राज्याने फिरता निधी ठेवावा. व्यवसाय कर आजही पगारातून कापला जातो. तो ज्या कारणासाठी सुरू झाला ते कारण संपलेलं नाही.

आता छुपी बेरोजगारी. एका रानात दोन माणसांचं काम असताना चौघं राबत असतील, आणि दोघं निघून गेली तरी पीक तेवढंच येणार असेल, तर ती दोघं कामावर दिसतात पण बेरोजगार आहेत. इंग्लंडमध्ये जोन रॉबिन्सन यांनी १९३६ मध्ये या अवस्थेला नाव दिलं, असं आपण शिकवतो. त्याआधी अठरा वर्षं, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधात हेच मांडलं होतं. लहान तुकडा हा मूळ रोग नाही. शेतीवर तिला पेलणार नाहीत इतकी माणसं अवलंबून आहेत, त्यांतले कित्येक हात रिकामे आहेत, आणि ते हात उद्योगांत गेल्याशिवाय शेतीही सुधारणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मुलांना हे सांगताना मला अभिमान वाटतो आणि वाईटही वाटतं. शंभर वर्षांनंतरही देशातल्या कामकऱ्यांपैकी जवळपास ४६ टक्के लोक शेतीत आहेत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. रान तेवढंच राहिलं आणि त्याचे वाटेकरी वाढत गेले.

हे हात उद्योगात गेले नाहीत, कारण उद्योग त्यांच्याजवळ आला नाही. कारखानदारी मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पट्ट्यात एकवटली. प्रादेशिक असमतोलावर वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये आणि विजय केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिले. दोन्ही तुमच्या ग्रंथालयात आहेत. मराठवाड्यातली छुपी बेरोजगारी हा त्या असमतोलाचा रोजगारातला चेहरा आहे. तिच्यावर मेळाव्याचा उपयोग नाही. मेळाव्यात रिकाम्या जागा आणि रिकामी माणसं यांची गाठ घालून दिली जाते. जागाच नसतील तर गाठ कशाची घालणार?

मेळावे, पोर्टल, मार्गदर्शन केंद्रं यांचा उपयोग आहे, पण तो घर्षणजन्य बेरोजगारीवर : एक नोकरी सोडून दुसरी शोधणाऱ्यावर, शिक्षण संपवून पहिली नोकरी पाहणाऱ्यावर. असे लोक प्रत्येक चालत्या अर्थव्यवस्थेत असतातच. पुण्यात डिप्लोमा झालेल्या मुलीला चाकणमधली जागा कळली तर तिचे दोन महिने वाचतात. केवढं चांगलं आहे ते. पण धारूरच्या डोंगरातल्या माणसाला त्यातलं काय मिळणार?

सुशिक्षित बेरोजगारीवर जरा थांबून लिहायला हवं, कारण तिच्याबद्दल सभागृहाबाहेर सर्वांत जास्त गैरसमज आहेत. मुलं आळशी आहेत, सरकारी नोकरीच्या मागे लागली आहेत, त्यांच्यात कौशल्य नाही, असं सर्रास बोललं जातं. पीएलएफएसमध्ये शिक्षणाबरोबर बेरोजगारीचा दर चढत जातो. २०२२-२३ मध्ये देशाचा एकूण दर ३.२ टक्के असताना पदवीधरांमध्ये तो १३.४ टक्के होता. गरिबाला बेरोजगार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते करतो आणि कामगार म्हणून मोजला जातो. ज्याच्या घरच्यांनी चार पैसे बाजूला काढून त्याला शिकवलं, तो काही काळ थांबू शकतो. थांबण्यामागे हिशेबही असतो. तालुक्याच्या गावातल्या खासगी नोकरीत दहा-बारा हजार, लेखी करार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, उद्याचा भरवसा नाही. सरकारी नोकरीत पगार आणि भरवसा दोन्ही. या दोहोंतली दरी इतकी रुंद आहे, की दहा टक्के शक्यता असली तरी मूल पाच वर्षं घालवायला तयार होतं. शक्यता तर तेवढीही नसते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका पदामागे दोनशेच्या वर. खुल्या गटाला १,००० आणि राखीव गटाला ९०० रुपये शुल्क होतं. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदं आणि अर्ज सतरा लाखांहून जास्त.

या मुलांना आणखी एक प्रशिक्षण देऊन काय साधणार? २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,०००, पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन, आधी सहा महिने आणि पुढे वाढवून अकरा महिने. ग्रामपंचायतींत, शाळांत, तहसिलांत या मुलांनी मनापासून काम केलं. मुदत संपल्यावर त्यांनी कायम करा म्हणून आंदोलनं केली, तेव्हा ती फसवणूक झाल्यासारखी का बोलत होती हे समजून घ्या. कामाची गरज होती, म्हणून तर ती तिथे खपली. राज्याच्या खात्यांत मंजूर पदं लाखांच्या संख्येने रिकामी आहेत. ज्या कचेरीत तीन लिपिकांची जागा रिकामी आहे तिथे प्रशिक्षणार्थी बसवायचा आणि अकरा महिन्यांनी घरी पाठवायचा, याला रोजगारनिर्मिती म्हणता येत नाही.

डी.एड.चं उदाहरण घ्या. वीस वर्षांपूर्वी आमच्या भागात गावोगाव डी.एड. विद्यालयं निघाली. बारावीनंतर दोन वर्षांत मास्तर होता येतं म्हणून लोकांनी शेत गहाण टाकून मुलामुलींना तिथे घातलं. परवानगी सरकारने दिली, पदविका सरकारी परिषदेने दिली, आणि २०१२ पासून शिक्षक भरतीच थांबली. नंतर शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आली, अभियोग्यता चाचणी आली, भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं. मधल्या वर्षांत एका पिढीचं वय निघून गेलं. यांच्यात कौशल्य नव्हतं असं कोण म्हणेल? किती शिक्षक लागणार याचा अंदाज न घेता किती शिक्षक घडवायचे हे ठरवलं गेलं. शिक्षण आणि मागणी यांचा सांधा तुटला, तो शासनाच्या निर्णयांनी तुटला. आज अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, नर्सिंग यांच्या नव्या महाविद्यालयांना परवानगी देताना हा धडा समोर ठेवला जातो का, हे तुम्हीच सभागृहात विचारू शकता.

स्पर्धा परीक्षांचं वेळापत्रक हाही रोजगाराचाच विषय आहे. ११ मार्च २०२१ ला पुण्यात नवी पेठेजवळ हजारो मुलं रस्त्यावर उतरली, कारण तीन दिवसांवर आलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हा पुढे ढकलली होती. तेव्हा कोरोना होता, मान्य. पण परीक्षा, निकाल, मुलाखत, न्यायालय, नियुक्ती या साखळीत दोन-तीन वर्षं जाणं कोरोनाच्या आधीही होतं आणि नंतरही आहे. २०१६ मध्ये खुल्या गटाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ वर नेली. हेतू चांगला होता, पण भरती नियमित न करता वय वाढवल्याने वाट पाहण्याची वर्षं वाढली. कॉट बेसिसवरची खोली, मेस, अभ्यासिका, क्लासची फी, हे सगळं गावाकडून येतं, बहुतेक वेळा त्याच उचलीतून किंवा शेतातून. भरतीचं वार्षिक वेळापत्रक कायद्याने बांधून घ्या : पद रिकामं झाल्यापासून किती महिन्यांत जाहिरात, किती महिन्यांत निकाल, किती महिन्यांत नियुक्तिपत्र. सगळ्यांना नोकरी मिळणार नाही, हे मुलांनाही कळतं. पण नाही हे उत्तर पंचविसाव्या वर्षी मिळालं तर ती दुसरं आयुष्य उभं करू शकतात, पस्तिसाव्या वर्षी मिळालं तर फार उशीर झालेला असतो.

चक्रीय बेरोजगारीवर राज्याचा हात थोडा तोकडा आहे, हे मी मान्य करते. मंदी येते तेव्हा मागणी देशभर आणि जगभर घटते. २०१९ मध्ये वाहनांची विक्री घसरली तेव्हा पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ब्लॉक क्लोजर लागले, म्हणजे कारखाने काही दिवस बंद राहिले, आणि पहिला घाव कंत्राटी कामगारांवर पडला. तिथे उपाय कौशल्याचा नाही, मंदी सरेपर्यंत घर चालवण्याचा आहे. कर्मचारी राज्य विमा निगममध्ये २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आहे, काम गेल्यावर ९० दिवसांपर्यंत वेतनाचा काही भाग मिळतो. पण नोंद असलेल्यालाच. कंत्राटदाराने नोंदच केली नसेल तर काय? कामगार खात्याने नोंदणीची तपासणी मंदीच्या आधी करायला हवी.

राहिली संरचनात्मक आणि तांत्रिक बेरोजगारी, म्हणजे उद्योगाची घडी बदलल्याने किंवा यंत्र आल्याने काम जाणं. ती महाराष्ट्राने जवळून पाहिली आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. संपानेच गिरण्या बुडवल्या, असं म्हणणं अर्धवट आहे. यंत्रं जुनी झाली होती, मालकांनी ती बदलली नव्हती, काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे चाललं होतं, आणि गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन मोलाची होऊ लागली होती. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या कलमाने त्या जमिनीचा विचार झाला, पुढे त्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. लालबाग-परळच्या चाळीतल्या विणकराचं पुढे काय होणार, याचा विचार त्याच्या हातून माग सुटण्याआधी झाला नाही. म्हाडाच्या घरांची सोडत पुष्कळ वर्षांनी आली, कित्येक कामगार तोवर हयात नव्हते. चाळिशी ओलांडलेल्या विणकराला नवं कौशल्य शिकवू म्हणणं सोपं होतं, त्याच्या हातांनी आयुष्यभर एकच काम केलं होतं.

गिरणगावाची आठवण मी एका कारणासाठी काढते आहे. तशीच गोष्ट आता उसाच्या फडात घडते आहे. ऊसतोडणी यंत्रांच्या खरेदीला राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून अनुदान मिळतं. यंत्र यावं, माझा त्याला विरोध नाही. वाकून ऊस तोडणं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणं, गरोदरपणात हे काम करणं, यातून कोणाचीही मुलगी सुटली तर मला आनंदच होईल. पण यंत्राला अनुदान देणारं सरकार आणि कोयता हातातून जाणाऱ्या जोडप्याला पाहणारं सरकार एकच आहे. पहिल्या कामासाठी तरतूद आहे. दुसऱ्यासाठी कोणतं खातं, कोणतं शीर्ष, किती रक्कम? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळ आहे, त्याच्याकडे कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रं हे काम आहे. त्याच नोंदणीतून कोणत्या तालुक्यातले किती कोयते यंत्रामुळे थांबतील, त्यांचं वय काय, जमीन किती, मुलं कितवीत, हे काढता येईल. १९८२ मध्ये आपल्याला कळायला उशीर झाला. या वेळी कारखान्यांच्या दारात यंत्रं दिसत आहेत, अंदाज घेता येतो, काही वर्षं हातात आहेत.

म्हणून माझी विनंती अगदी कामकाजाच्या स्वरूपाची आहे. पुढच्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाच्या एका सदस्याने हा तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागणारा प्रश्न, द्यावा. राज्यातल्या प्रत्येक तालुक्यात वर्षाच्या प्रत्येक महिन्यात काम मागूनही न मिळालेले मनुष्यदिवस किती होते? रोहयोत मजुरी ठरलेल्या मुदतीनंतर मिळालेली प्रकरणं किती? मंजूर पण रिकाम्या पदांपैकी किती पदांवर प्रशिक्षणार्थी काम करत होते? आणि अनुदान दिलेल्या प्रत्येक ऊसतोडणी यंत्रामागे किती कोयत्यांचं काम कमी होणार आहे, ते गृहीत धरून त्या कुटुंबांसाठी चालू अर्थसंकल्पात काय तरतूद केली आहे? उत्तरं टक्केवारीत नकोत, तालुक्यांच्या नावांसह पटलावर ठेवावीत. कोणत्या खात्याकडे कोणता आकडा नाही, हेही त्यातून कळेल, आणि तो गोळा करण्याचा आदेश देण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

या प्रश्नाचा मसुदा नियमांत बसवायला मदत हवी असेल तर आमच्या महाविद्यालयातली अर्थशास्त्राची मुलं ती आनंदाने करतील.

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका,
जि. बीड